आर.ओ.ची वाया जाणारी धार : कारणे, तपासणी व उपाय

कडाव येथे मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या माणसांची पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून आम्ही वर्गणी काढून आर.ओ.चे एक मशीन बसविले. एका एप्रिल महिन्यात जयंतीच्या तयारीची बैठक रात्री उशिरा संपली. मंडळी उठली, पंखे बंद झाले आणि त्या शांततेत मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. मशीनवर टाकी भरल्याचा दिवा लागला होता, पंप बंद होता, तरीही वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून बारीक धार चालूच होती. आम्ही नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो बादली भरून पाणी मोरीत वाहत होते. त्याच वेळी समोरच्या रस्त्याने वाडीवरच्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चालल्या होत्या.

ही धार त्या रात्री सुरू झालेली नव्हती. महिनाभरापूर्वी आमच्यापैकी एकाने ती पाहिली होती व मेकॅनिकला बोलावले होते. आर.ओ. म्हटले की पाणी वाया जायचेच, असे त्यांनी सांगितले व मेंब्रेन बदलून दिले. वर्गणीचे पैसे गेले आणि धार होती तशीच राहिली. दोष एकट्या मेकॅनिकचा नव्हता. मशीन आमचे, पाणी आमचे, पैसे सभासदांचे. पण त्यातील कोणता भाग काय काम करतो हे आम्हांपैकी कोणीही विचारले नाही. त्यानंतर आम्ही ते समजून घेतले. लिटरचे माप, घड्याळ आणि वही एवढ्याच साहित्यावर बिघाड सापडला. ती पद्धत सभासदांना व विद्यार्थ्यांना घरच्या घरी वापरता यावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहोत. जाणकारांना यातील काही गोष्टी ठाऊक असतील; त्यांनी त्या शेजाऱ्यांना सांगाव्यात.

गाळणे वेगळे आणि आर.ओ. वेगळे

पाणी गाळून पिण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे साधन, म्हणजे परिस्सावन, मोजलेले आहे. फडक्याने गाळले की सगळे पाणी खाली येते आणि कचरा वर राहतो. पाणी वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही. आर.ओ.मध्ये तसे होत नाही, आणि तेथूनच गोंधळाला सुरुवात होते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. फोडीच्या आत क्षार कमी आणि बाहेर मीठ जास्त. म्हणून पातळ पडद्यातून पाणी मिठाकडे ओढले जाते. या क्रियेला विज्ञानात परासरण म्हणतात. आता मिठाच्या बाजूने जोर लावून पाणी उलट्या दिशेने ढकलले, तर क्षार मागे राहतील आणि गोडे पाणी पडद्यापलीकडे जाईल. हेच उलटे परासरण, म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस, थोडक्यात आर.ओ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी १९६० च्या सुमारास यासाठी उपयोगी पडेल असा पडदा तयार केला. समुद्राचे पाणी गोडे करणे हा त्यामागचा हेतू होता. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

घरच्या मशीनमध्ये हा पडदा गुंडाळी करून एका नळकांड्यात बसविलेला असतो. त्यालाच मेंब्रेन म्हणतात. पंपाच्या जोराने काही पाणी पडद्यातून पार होते व ते आपण पितो. मागे राहिलेले क्षार तेथेच साचू दिले तर पडद्यावर थर बसेल. म्हणून उरलेले पाणी ते क्षार घेऊन सतत बाहेर वाहते. म्हणजे थोडे पाणी बाहेर जाणे हा मशीनचा दोष नव्हे. मेंब्रेन धुतले जाण्याची ती किंमत आहे. प्रश्न असा की किती, आणि केव्हा?

ठरलेली नासाडी आणि बिघाडाची नासाडी

साध्या घरगुती मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी बाहेर जाते, हे सर्वसाधारण प्रमाण होय. समजा, पाच माणसांच्या घरात पिण्याला व स्वयंपाकाला मिळून दिवसाला २० लिटर शुद्ध पाणी लागते. एकास तीन या हिशेबाने ६० लिटर बाहेर जाईल, म्हणजे पंधरा लिटरचे चार हंडे. वर्षाचा हिशेब २१,९०० लिटर होतो. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण धरले आहे. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या मशीनमधूनसुद्धा एका माणसाच्या वाट्याचे सगळे पाणी रोज मोरीत जाते.

त्यात बिघाड असेल तर हाच आकडा दुप्पट होतो, आणि टाकी भरल्यावरही धार चालू राहिली तर त्याला काही मर्यादाच राहत नाही. मिनिटाला ५० मिलिलिटरची बारीक धार दिवसाला ७२ लिटर नेते. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. मशीन चालू असताना प्रमाणाबाहेर पाणी जाते काय? आणि मशीन बंद असतानाही पाणी जाते काय? दोन्हींची कारणे वेगळी आहेत व उपायही वेगळे आहेत.

पाण्याचा मशीनमधील प्रवास

बिघाड शोधण्यापूर्वी पाणी कोठून कोठे जाते ते पाहू. कंपनी कोणतीही असो, बहुतेक घरगुती मशीनमध्ये क्रम असा असतो.

छपरावरच्या टाकीतून किंवा नळातून पाणी प्रथम बाहेरच्या प्री-फिल्टरमध्ये येते. त्यातील पांढरी कँडल माती अडवते. पुढे सेडिमेंट फिल्टर बारीक गाळ व कार्बन फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो. वाटेत सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. मेकॅनिक त्याला एस.व्ही. म्हणतात. वीज असली की तो उघडतो, वीज गेली की मिटतो. हा पाण्याचा दरवाजा होय. नंतर बूस्टर पंप पाण्याला जोर देतो. पंपाला व व्हॉल्व्हला ॲडॉप्टरमधून सहसा २४ व्होल्टची वीज मिळते. जोर मिळालेले पाणी मेंब्रेनमध्ये जाते व तेथे दोन वाटा फुटतात. एक वाट शुद्ध पाण्याची, ती टाकीकडे जाते. दुसरी बाहेर जाणाऱ्या पाण्याची. या दुसऱ्या वाटेवर एक बोटाएवढा भाग असतो, त्याचे नाव फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे एफ.आर. तो पाणी रोखून धरतो, त्यामुळे आत दाब टिकतो. त्यावर ३००, ४५० असा आकडा छापलेला असतो. मिनिटाला साधारण तितके मिलिलिटर पाणी त्यातून बाहेर पडते. शेवटी टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. टाकी भरली की तो वर जाऊन वीज तोडतो. मग पंप थांबतो, एस.व्ही. मिटतो आणि बाहेरची धारही थांबली पाहिजे.

यातील एस.व्ही., एफ.आर. आणि फ्लोट ही तीन नावे लक्षात ठेवावीत. मेंब्रेनच्या मानाने तिन्ही किरकोळ किमतीची आहेत, पण पाण्याची मोठी नासाडी बहुधा यांच्यामुळेच होते.

तपासणी पहिली : भरलेली टाकी

टाकी पूर्ण भरू द्यावी. टाकी भरल्याचा दिवा लागल्यावर एक-दोन मिनिटे थांबावे व बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीचे तोंड पाहावे.

(अ) धार थांबली, तर उत्तम. या बाजूने मशीन ठीक आहे.

(आ) टाकी काठोकाठ भरली, किंबहुना वरून वाहू लागली, तरी पंप गुरगुरतच आहे. येथे दोष फ्लोटचा किंवा त्याच्या स्विचचा. फ्लोटवर बुळबुळीत थर किंवा क्षाराचे कण बसले की तो दांडीवर अडकतो. प्लग काढून, टाकी रिकामी करून फ्लोट स्वच्छ धुवावा व बोटाने वर-खाली करून पाहावा. तरीही पंप थांबत नसेल तर फ्लोट बदलावा.

(इ) पंप थांबला, पण धार चालूच आहे. आता भिंतीवरचा प्लग काढावा. वीज तुटूनही पाणी येत राहिले, तर एस.व्ही. मिटत नाही हे नक्की झाले. टाकीतील गंजाचा कण किंवा वाळूचा खडा त्याच्या तोंडात अडकतो, किंवा आतील रबर झिजते. मग छपरावरच्या टाकीचे पाणी स्वतःच्या उताराने बंद पंपातून, मेंब्रेनवरून व एफ.आर.मधून रात्रंदिवस बाहेर जाते.

आमच्या मशीनचा बिघाड हाच होता. प्लग काढला, धार थांबली नाही, आणि अर्ध्या मिनिटात कारण कळले. एस.व्ही. बदलल्यावर त्याच संध्याकाळी नळीचे तोंड कोरडे झाले. मेंब्रेन बदलण्याची गरजच नव्हती.

नवा एस.व्ही. येईपर्यंत करण्यासारखी गोष्ट एकच, रात्री मशीनकडे येणारा कॉक हाताने बंद करणे. नुसते थेंब पडत असतील तरी दुर्लक्ष करू नये. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांच्या आसपास पाणी जाते.

मुंबईकडील काही घरांत ओट्याखाली बसणारे, दाबाच्या बंद टाकीचे मशीन असते. त्यात फ्लोट नसतो. टाकीतील दाब वाढला की एक झडप आपोआप पाणी बंद करते, आणि शुद्ध पाणी मागे येऊ नये म्हणून मेंब्रेनच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते. तेथे टाकी भरल्यावर मशीनकडे येणारा कॉक बंद करावा. बऱ्याच मिनिटांनंतरही बाहेरची धार चालू असेल, तर एकमार्गी झडप गळते आहे व टाकीतील शुद्ध पाणीच उलटे मोरीत जात आहे. कॉक बंद केल्यावर धार लवकर थांबली, तर दोष आपोआप बंद होणाऱ्या झडपेत आहे किंवा टाकीत पुरेसा दाब चढत नाही, असे समजावे.

तपासणी दुसरी : माप आणि घड्याळ

आता मशीन चालू असतानाचे प्रमाण पाहू. टाकीतून पाणी काढून मशीन सुरू करावे व दहा मिनिटे चालू द्यावे. नंतर शुद्ध पाण्याची नळी एका मापात व बाहेर जाणाऱ्या पाण्याची नळी दुसऱ्या मापात, अशी बरोबर एक मिनिट धरावी. शुद्ध पाण्याची नळी टाकीच्या झाकणाखाली सापडते. दोन्ही आकडे वहीत लिहावेत.

मेंब्रेनवर '७५ जी.पी.डी.' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ दिवसाला ७५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २८४ लिटर, म्हणजेच मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर शुद्ध पाणी. समजा शुद्ध पाणी २०० व बाहेरचे ४५० मिलिलिटर आले, तर प्रमाण एकास सव्वादोन पडते. हे ठीक आहे. पण शुद्ध पाणी ८० आणि बाहेरचे ४५० आले, तर प्रमाण एकास साडेपाचच्या वर गेले. पहिल्या घरात २० लिटरांमागे ४५ लिटर पाणी जाईल, दुसऱ्या घरात ११२ लिटर.

आकडे पाहून निदान असे करावे.

(१) शुद्ध पाणी कमी, बाहेरचे नेहमीएवढे : मेंब्रेनवर थर बसला आहे. मेंब्रेन बदलण्याची वेळ खरोखर आली असेल ती बहुधा येथे.

(२) दोन्ही कमी : पाणी आत येतानाच अडते आहे. कॉक अर्धवट उघडा आहे, कँडल किंवा सेडिमेंट फिल्टर मातीने चोंदला आहे, किंवा पंप व ॲडॉप्टर अशक्त झाला आहे. आधी कँडल पाहावी. ती तपकिरी दिसत असेल तर ती बदलून पुन्हा मोजावे. पुढचा खर्च वाचू शकतो.

(३) बाहेरचे पाणी खूप जास्त व शुद्ध कमी : एफ.आर. निकामी झाला आहे किंवा दुरुस्तीच्या वेळी मोठ्या आकड्याचा बसविला गेला आहे. दाब टिकत नाही, म्हणून पाणी सुसाट निघून जाते. मेंब्रेनच्या क्षमतेला साजेसा एफ.आर. बसवून घ्यावा.

(४) बाहेरचे पाणी जवळजवळ बंद : हे पाहून आनंद मानू नये. एफ.आर. चोंदला आहे किंवा नळी दुमडली आहे. अशाने मेंब्रेन थोड्याच दिवसांत निकामी होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मेंब्रेनचा छापील आकडा २५ अंश तापमानाचा असतो. पाणी त्यापेक्षा थंड झाले की दर अंशाला सुमारे तीन टक्के शुद्ध पाणी कमी येते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे पाणी २० अंशांवर आले, तर १५ टक्के घट नुसत्या थंडीची असते. म्हणून जानेवारीतील आकडा मे महिन्यातील आकड्याशी ताडून मेंब्रेन बदलू नये. दोन वर्षांच्या जानेवारीतील आकडे ताडावेत. वही ठेवायची ती यासाठी.

तपासणी तिसरी : टी.डी.एस. मीटर

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार म्हणजे टी.डी.एस. ते मोजण्याचे पेनासारखे मीटर बाजारात मिळते. प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. एका वस्तीत एक पुरे. तीन ठिकाणचे पाणी मोजावे : आत येणारे, शुद्ध आणि बाहेर जाणारे. आत येणारे २०० व शुद्ध २० असेल, तर मेंब्रेन ९० टक्के क्षार अडवीत आहे, म्हणजे चांगले आहे. शुद्ध पाण्याचा आकडा हळूहळू वर चढत असेल तर मेंब्रेन झिजले आहे. मात्र काही मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडे साधे पाणी मिसळण्याची चावी असते. ती उघडी असेल तर आकडा मुद्दामच वाढविलेला असतो, हे विसरू नये.

शुद्ध पाण्याची धार एकाएकी वाढली व टी.डी.एस.ही वाढला, तर पडद्याला इजा झाली असे समजावे. क्लोरीन हे त्याचे एक कारण आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायती विहिरीत व टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतात, आणि ती टाकलीच पाहिजे. पण मशीनमधील कार्बन फिल्टर संपलेला असेल, तर ते क्लोरीन थेट मेंब्रेनवर जाऊन पडदा खराब करते. म्हणून कार्बन फिल्टर वेळेवर बदलणे म्हणजे मेंब्रेन वाचविणे होय.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. हे मीटर जंतू मोजत नाही. टी.डी.एस. ५० असलेल्या पाण्यातही जुलाबाचे जंतू असू शकतात. मीटरवर लहान आकडा दाखवून पाणी पिण्यास योग्य आहे असे कोणी सांगितले, तर ते अर्धेच खरे आहे.

जे करू नये

नासाडी वाचविण्यासाठी कोणी बाहेरच्या नळीला गाठ मारतात, चिमटा लावतात किंवा एफ.आर. बदलून फार लहान आकड्याचा घालतात. त्या दिवशी पाणी वाचते, पण क्षार आतच साचून मेंब्रेनवर दगडासारखा थर बसतो व नवे मेंब्रेन घ्यावे लागते. बाहेरचे पाणी पुन्हा छपरावरच्या टाकीत सोडणेही बरे नव्हे. प्रत्येक फेरीला टाकीतील क्षार वाढत जातात. मशीन उघडण्यापूर्वी कॉक बंद करावा व प्लग काढावा. ओल्या हाताने प्लगला हात लावू नये. विद्यार्थ्यांनी मोजमाप जरूर करावे, पण मशीन खोलायचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे.

पावसाळ्यातील गाळ

कर्जत-खालापूरकडे जून-जुलैमध्ये नदीचे पाणी तांबूस होते. ते तसेच मशीनमध्ये गेले की कँडल पाहता पाहता चोंदते, दाब उतरतो आणि नासाडीचे प्रमाण वाढते. आपल्या आई-आजी पिंपात तुरटी फिरवून गाळ खाली बसवीत असत व वरचे निवळ पाणी काढीत. गढूळ पाण्याच्या दिवसांत निवळलेले पाणीच मशीनला द्यावे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा नंतर, छपरावरची टाकी घासून घ्यावी. एस.व्ही.त अडकणारा खडा त्या टाकीतूनच येतो.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा उपयोग

मशीन अगदी ठीक असले तरी बाहेर पाणी जाणारच. त्या नळीखाली बादली किंवा पिंप ठेवावे. हे पाणी घाण नसते, फक्त त्यात क्षार जास्त असतात. किती जास्त, याचा हिशेब करता येतो. आत येणारे पाणी २०० टी.डी.एस.चे व चौथा हिस्सा शुद्ध होत असेल, तर बाहेरचे पाणी सुमारे २६० चे असते. ते लादी पुसायला, भांडी विसळायला, कपडे भिजत घालायला, संडासात टाकायला व परसातील अळू-मिरचीला चालते. बोअरचे पाणी १,२०० चे असेल, तर बाहेरचे जवळजवळ १,६०० चे होईल. ते झाडांना रोज घालू नये. संडासाला व अंगण धुण्याला वापरावे. पिण्यासाठी मात्र हे पाणी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

मुळात आर.ओ. हवे काय?

शेवटी सर्वात मोठा प्रश्न. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार (आय.एस. १०५००) पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत टी.डी.एस. स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २० मे २०१९ च्या आदेशात ५०० पेक्षा कमी टी.डी.एस. असेल तेथे आर.ओ. वापरू देऊ नये, असे म्हटले होते. त्या आदेशाचे पुढे न्यायालयात काय झाले हा वेगळा विषय आहे. त्यामागील विचार घरोघरी करण्यासारखा आहे.

आपल्या कडावच्या बाजूने पेज नदी वाहते. भिवपुरीचे टाटांचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले; त्यातून सुटलेले पाणी या नदीला मिळते. खालापूरकडे खोपोलीच्या वीजगृहाचे पाणी पाताळगंगेला मिळते. हे घाटावर साठविलेले पावसाचे पाणी. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून आलेल्या अशा पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. त्यात भीती असते ती गाळाची आणि जंतूंची. समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी शोधलेल्या यंत्रात नदीचे गोडे पाणी घालून त्यातील तीन हिस्से मोरीत सोडणे, हे कितपत शहाणपणाचे? अशा पाण्याला तुरटी, फडके, क्लोरीनचे थेंब किंवा उकळी पुरते. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती तशीच राहू द्यावी, झाकून थंड करावे. विजेवर चालणारे यू.व्ही.चे मशीनही जंतूंना मारते व त्यात पाणी वाया जात नाही. पाणी मात्र निवळ असले पाहिजे.

याचा अर्थ आर.ओ. निरुपयोगी आहे असा नव्हे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, खाडीकाठच्या खाऱ्या विहिरींवर, किंवा जेथे पाण्यात फ्लोराईड व नायट्रेट जास्त आहे तेथे ते उपकारकच आहे. आपल्याकडेही एखाद्या बोअरचे पाणी जड असू शकते. म्हणून शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यावे, किंवा आम्ही लिहिले म्हणून काढून टाकावे, असे दोन्ही करू नये. आधी पाणी तपासावे. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना किटने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवून अहवाल मागावा. मग निर्णय घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठी काम

ज्यांच्या घरी आर.ओ. आहे अशा विद्यार्थ्यांनी एका वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, एका मिनिटातील शुद्ध पाणी, एका मिनिटातील बाहेरचे पाणी, प्रमाण, आणि टाकी भरल्यावर धार थांबली की नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजावे. सहा महिन्यांत सहा ओळी होतील. मेकॅनिक आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. आकडे समोर असले की बोलणे मुद्द्याचे होते व नको तो भाग बदलला जात नाही. आमच्या मशीनशेजारी आता अशी वही दोरीने टांगलेली आहे, आणि नळीखाली पिंप आहे. त्या पाण्याने सभागृहाची लादी पुसली जाते.

महाडचे चवदार तळे आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. ओंजळभर पाण्याचे मोल काय, हे आपल्या माणसांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात वरच्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. आपल्या मोरीतील धार थांबविल्याने त्या रांगा लगेच संपणार नाहीत. पण ज्या टाकीतून आपले पाणी येते त्याच टाकीवर खालच्या आळीचेही घर चालते, आणि आपण रात्री वाया घालविलेले पाणी सकाळी त्यांच्या नळाला कमी पडते. तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा मोरीत जाऊन कान द्यावा. टाकी भरली असेल आणि तरीही पाणी पडल्याचा आवाज येत असेल, तर प्लग काढून पाहावा. तपासणीची सुरुवात तेथूनच होते.